कॅज्युअल मोड मागे पडला तर रँक्डवाल्यांचं काय बिघडतं?

प्रश्न: सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम आला तेव्हा आर्म्स रेस, डिमॉलिशन, डेंजर झोन हे आधीच्या आवृत्तीतले हलकेफुलके मोड गायब होते. मी रँक्डच, म्हणजे क्रमवारी ठरवणारे पाच विरुद्ध पाचचे सामनेच खेळतो. मला काय फरक पडतो?

उत्तर १: पडतो की! कॅज्युअलमध्ये, म्हणजे क्रमवारी नसलेल्या सामन्यांत, १० विरुद्ध १०, आर्मर (चिलखत) आणि डिफ्यूज किट (बॉम्ब निकामी करायचं साधन) फुकट, आपल्याच माणसाला गोळी लागत नाही. स्मोक (धुराचा बॉम्ब) कुठून टाकायचा, स्प्रे (सलग गोळीबार) कसा आवरायचा, हे नवखा तिथे शिकतो. ती जागा ओस पडली की तो थेट तुमच्या रँक्डच्या पाच जणांच्या संघात येतो. पिस्तूल राउंड (सुरुवातीचा, पिस्तुलांवरच खेळायचा) हरल्यावर बाकीचे खेळाडू शस्त्रांसाठीचे गेममधले पैसे वाचवतात, हा एकटाच खरेदी करून मरतो. मग रायफली घ्यायच्या राउंडला याचा खिसा रिकामा.

उत्तर २: शिवाय वेळ. ज्याच्याकडे पंधराच मिनिटं आहेत तो रँक्डमधून मध्येच निघतो. त्याला कूलडाउन (काही काळ खेळायला बंदी) लागतो, पण शिक्षा खरी उरलेल्या चौघांना. त्याच्या जागी बॉटही (संगणकाने चालवलेला खेळाडू) मिळत नाही.

उत्तर ३: आर्म्स रेस फेब्रुवारी २०२४ मध्ये परतली. पण मोड वाढले की सामन्याची वाट बघणाऱ्यांच्या रांगाही फुटतात, हे कुणी बोलत नाही. गर्दी नसताना सामना सापडत नसेल तर सेटिंगमधली कमाल पिंग (सर्व्हरशी संपर्काला लागणारा वेळ) वाढवा. मात्र मुंबईऐवजी सिंगापूर किंवा दुबईचा सर्व्हर पदरात पडू शकतो.