1536 वर एकांकिका: तारखा आणि शिरच्छेदाचा प्रसंग

पेठकर: शाहू स्मारकमध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची शिरच्छेद झालेली दुसरी राणी अ‍ॅन बोलिन हिच्यावर एकांकिका बसवतोय. जुन्या नोंदींत पहिली राणी कॅथरीन हिच्या मृत्यूचं साल 1535 दिसतं. कुठलं धरू? शिरच्छेदाला ठोकळा आणि कुऱ्हाड लागेल ना?

पंचगंगा: भावा, 1536च धर. तेव्हा इंग्लंडात कागदोपत्री साल 25 मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारीच्या नोंदी मागच्या सालात पडतात. कॅथरीन 7 जानेवारीला गेली. 24ला हेन्री घोड्यावरून पडला. 29ला कॅथरीनचं दफन, त्याच दिवशी अ‍ॅनचा गर्भपात. पण अ‍ॅनच्या शेवटाचं सगळं खापर गर्भपातावर फोडू नकोस. बंद केलेल्या मठांच्या पैशावरून राजाचा मंत्री क्रॉमवेल याच्याशी तिचं बिनसलं होतं, तो धागा नाटकात यायलाच हवा.

रंकाळाकाठ: ठोकळा अजिबात नको! फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेहून खास तलवारवाला बोलावला होता. अ‍ॅन गुडघ्यांवर ताठ बसलेली, डोळ्यांवर पट्टी, एकच घाव. कुऱ्हाड दाखवलीस तर प्रसंगच खोटा पडेल. अटक 2 मे, खटला 15 मे. तिच्याशी व्यभिचाराच्या आरोपावरून भाऊ जॉर्ज धरून पाच पुरुषांना 17ला टॉवर हिलवर मारलं, तिला 19ला टॉवर ऑफ लंडन किल्ल्याच्या आवारात. या दोन जागा एकाच सेटवर उरकू नका.

पेठकर: आणि हेन्रीचं तिसरं लग्न, जेन सीमोरशी?

रंकाळाकाठ: 30 मे. म्हणजे अवघ्या अकरा दिवसांत.