मदत हवी आहे: जुन्या शुभेच्छापत्रांचं साल कसं ओळखायचं?

मंडळी, म्हापशाच्या आमच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत शुभेच्छापत्रांचा गठ्ठा सापडलाय. बरीचशी नाताळची, थोडी दिवाळीची. वाचनालयात मांडायची म्हणतोय, पण प्रत्येकाखाली अंदाजे साल तरी लिहायला हवं ना? पाकिटांवरची तिकिटं कुणीतरी केव्हाच कापून नेलीत. (बहुधा काकांनीच. विचारलं की नुसते हसतात.)

विलायतेतला इतिहास मिळाला. लंडनच्या हेन्री कोलला नाताळात इतकी पत्रं येत की उत्तरं लिहिणं जमेना. म्हणून १८४३ साली त्याने चित्रकार हॉर्स्लीकडून चित्र काढून घेतलं आणि छापलेलं कार्डच धाडलं. उरलेली कार्डं एकेक शिलिंगाला विकायला काढली. चित्रात घरची मंडळी प्याले उंचावतायत आणि एक लहान पोरही वाइन पितंय, त्यावरून दारूविरोधक खवळले होते! १८४० पासून एका पेनीत पत्र जाऊ लागलं, तेव्हाच हे परवडलं. शिलिंगाचं कार्ड मात्र श्रीमंतांचंच. पुढे रंगीत शिळाछपाई स्वस्त झाल्यावर ते घरोघरी गेलं. आपल्याकडे १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, पण ते ब्रिटिश हिंदुस्थानात. गोव्याचं टपाल वेगळं.

म्हणूनच विचारते. एका जाड कार्डावर सोनेरी उठावदार अक्षरांत पोर्तुगीजमध्ये ‘बोआश फेश्ताश’ (सणाच्या शुभेच्छा) आहे, घडीत लाल रेशमी दोरा, आणि आत आजोबांच्या नावे मोडीत दोन ओळी. कडेला कसर लागली आहे. हे १९६१ च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधीचं म्हणावं का? आणि दिवाळीची छापील कार्डं गोव्यात तेव्हा मिळत का? कुणाच्या घरी असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, नुसत्या पोर्तुगीज मजकुरावर जाऊ नका, ६१ नंतरही लोक तशी कार्डं पाठवत. पाकिटं नीट बघा. तिकिटाचा तुकडा उरला असेल आणि त्यावर किंमत टांगा किंवा रुपिया या गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज चलनात असेल तर ते ५९ च्या आधीचं. एस्कुदो-सेंताव हे नवं चलन १९५९ मध्ये आलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं, कारण तो त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला. मग भिंग घ्या. सारख्या ओळीतले बारीक ठिपके दिसले तर अलीकडची छपाई, वेडेवाकडे दाणे दिसले तर जुनी शिळाछपाई असू शकते. मागे छापखान्याचं नाव असतंच असं नाही, पण बघा. दिवाळीच्या कार्डांसाठी पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत जुन्या वर्तमानपत्रांतल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या जाहिराती चाळा. आणि कसर लागलेल्या कडांना सेलोटेप अजिबात लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. मोडी ओळींचा फोटो इथे टाका, वाचून देतो.