फोमने आवाज अडत नाही हो!

खाली कॉफी बार, संध्याकाळी लाइव्ह गाणं आणि वरच्या मजल्यावर लोक राहतायत, असा पुण्यातला गाळा तुम्ही घेताय आणि काँट्रॅक्टर म्हणतोय भिंतींना फोम मारला की झालं. अजिबात ऐकू नका त्याचं. फोमने आतला घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज नाही. डग्ग्याची घुमक आणि बास गिटार स्लॅबमधून थेट वरच्यांच्या बेडरूममध्ये पोचणार. अडवायचं तर वजन लागतं आणि कुठे फट राहता कामा नये, म्हणजे जिप्सम बोर्डाचे दोन थर, मागे रॉकवूल (दगडी तंतूंची जाड गादी), फॉल्स सीलिंग रबरच्या हँगरवर आणि दाराला चारी बाजूंनी सील. बजेटमधला मोठा वाटा इथेच जाऊ द्या, फर्निचर नंतर बघता येईल.

रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, त्यामुळे कार्यक्रम साडेनऊलाच संपेल असा ठेवा.

दुसरं म्हणजे ग्राइंडर. कोणी शांतपणे आलाप घेतंय आणि मागे घर्रर्र सुरू, गायकाचा मूडच जातो! काउंटर स्टेजपासून शक्य तितका लांब घ्या, आणि कार्यक्रम चालू असताना कोल्ड ब्रू, फिल्टर कॉफी असलाच मेनू ठेवा, दळण आधीच उरकून. एस्प्रेसो मशीनला विजेची लाइन वेगळी, साउंडला वेगळी, अर्थिंग नीट, नाहीतर स्पीकरमध्ये हम, म्हणजे सतत घूंऽऽ असा आवाज येतो. आणि दुसऱ्यांची गाणी गायली जाणार असतील तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचं, लायसन्सही आधीच काढून ठेवा.