मदत हवी आहे: स्कोपसवर माझी दोन खाती, स्कॉलरवर भलत्याच पाटलांचे पेपर. अर्जात कोणता एच-इंडेक्स लिहू?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत बायोटेक्नॉलॉजी शिकवते. पीएच.डी. शिवाजी विद्यापीठाची, विषय हळदीचं टिश्यू कल्चर. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीचा अर्ज भरायला घेतलाय आणि एका रकान्यावर गाडी अडलीय: 'एकूण सायटेशन्स व एच-इंडेक्स, स्रोतासह'. (सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरांत आपल्या पेपरचा उल्लेख. एच-इंडेक्स 3 म्हणजे निदान 3-3 सायटेशन्स असलेले 3 पेपर; असा बसणारा मोठ्यात मोठा आकडा. स्कोपस आणि गूगल स्कॉलर हे ते मोजणारे दोन ऑनलाइन स्रोत.)

घोळ असा आहे. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या नावाने, नंतरचे सासरच्या. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं आद्याक्षरही बदलतं. त्यामुळे स्कोपसने माझ्या सरळ दोन बायका करून टाकल्यात! पहिलीचे चार पेपर, सायटेशन्स 31, 12, 5, 3. एच-इंडेक्स 3. दुसरीचे पाच: 14, 9, 6, 4, 1. एच-इंडेक्स 4.

गूगल स्कॉलरवर उलटी तऱ्हा. माझ्याच आद्याक्षरांचे कोणी पाटील काँक्रीटमधल्या फ्लाय अ‍ॅशवर लिहितात. त्यांचे पेपर आपोआप माझ्या खात्यात येऊन बसलेत, आणि त्यांना सायटेशन्स दणकून. तिथे एच-इंडेक्स 11 दिसतोय. विभागातले एक सर म्हणतात, "राहू दे की, कोण उघडून बघतंय?" मला नाही पटत. मुलाखतीत कुणी विचारलं की मॅडम, हळदीच्या कंदात सिमेंट कुठून आलं, तर काय सांगायचं?

तर दोन्ही खाती एकत्र कशी करायची, आणि तोवर कोणता आकडा लिहायचा?

जाता जाता एक. त्या 31 वाल्या पेपरचा उल्लेख कुणी कसा केलाय ते उघडून बघितलं. बहुतेकांनी प्रस्तावनेत, एका ओळीत, आणखी पाच-सहा पेपरांबरोबर चौकोनी कंसात गाठोडं बांधून ठेवलाय. 9 वाला पेपर मात्र कंदकुजीमुक्त रोपांवरचा. तो वाचून एका नर्सरीवाल्यांनी कृती विचारायला फोन केला होता. त्या फोनसाठी रकाना नाही!

कृष्णाकाठ:
ताई, आधी एक सांगतो, 3 अधिक 4 बरोबर 7 असं करू नका. एच-इंडेक्सची बेरीज होत नाही. सगळे पेपर उतरत्या क्रमाने मांडा: 31, 14, 12, 9, 6, 5, 4, 3, 1. पाचव्याला 6 आहेत, सहाव्याला 5च. म्हणजे तुमचा एच-इंडेक्स 5. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये काढलेलं हे माप आहे. पहिल्या पेपरला उद्या 300 सायटेशन्स मिळाली तरी तो 5च राहणार.

खाती जोडायला स्कोपसचा ऑथर फीडबॅक विझार्ड आहे. पैसे पडत नाहीत. दोन्ही खाती निवडा, कोणतं नाव ठेवायचं ते सांगा, विनंती पाठवा. ऑर्किड (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) नसेल तर आजच काढा. तो 16 अंकी क्रमांक नाव बदललं तरी बदलत नाही.

मिरजेची_ग्रंथपाल:
स्कॉलरवरचे फ्लाय अ‍ॅशवाले पेपर निवडून काढून टाका. मग सेटिंगमध्ये जाऊन 'आपोआप भर नको, आधी ई-मेलने विचारा' हा पर्याय घ्या, नाहीतर ते पाटील परत येतील. सफाईनंतरही स्कॉलरचा आकडा स्कोपसपेक्षा थोडा जास्त दिसेल, त्याने घाबरू नका. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधी ऑनलाइन टाकलेले पेपर) सगळं मोजतं, स्कोपस मुख्यतः निवडलेल्या नियतकालिकांपुरतं बघतं. म्हणून तर स्रोत विचारतात. आमच्याकडे काही जण एच-इंडेक्स एकाचा आणि सायटेशन्स दुसऱ्याची लिहून आणतात, ते करू नका.

कराडचा_काका:
मॅडम, तुम्ही उगाच एच-इंडेक्सवर रात्र जागवताय. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला किमान 7 पेपर आणि 75 संशोधन गुण लागतात, आणि त्या गुणांच्या तक्त्यात एच-इंडेक्स नाहीच. तिथे बघतात नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात ते): 1 च्या खाली असेल तर वाढीव 10 गुण, 1 ते 2 ला 15, 2 ते 5 ला 20. शिवाय लेखक दोनपेक्षा जास्त असले तर पहिल्या किंवा पत्रव्यवहाराच्या (करस्पाँडिंग) लेखकाला 70 टक्के गुण, बाकीच्यांना 30-30. तुम्ही किती पेपरांत पहिल्या आहात ते आधी मोजा. गाईडच्या मागे तिसऱ्या नावावर असलात तर त्या 31 सायटेशन्सचा तिथे काही उपयोग नाही. रागावू नका, खरं ते सांगितलं.

हळदीची_पाटलीण (धागाकर्ती):
काका, रागावले नाही. 31 वाल्यात पहिली मीच आहे, 14 वाल्यात तिसरी. विझार्डवर विनंती टाकली आणि सिमेंटही हाकललं. पण स्कोपसचं उत्तर येण्याआधी अर्जाची मुदत संपली तर?

मिरजेची_ग्रंथपाल:
रकान्यात '5 (स्कोपस, दोन खाती एकत्र धरून)' असं लिहा, खाली दोन्ही खात्यांचे क्रमांक द्या. विनंती पोहोचल्याचा ई-मेल येतो, त्याची प्रत जोडा. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रतही लावा. छाननीत नाव जुळत नाही म्हणून पेपर बाजूला काढतात, तिथे ती लागते.