गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया: घरी आल्यानंतरचं सांगा

आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरते आहे. वय ६७, मधुमेह आहे, पाय चांगलेच फेंगडे झालेत. एक्स-रेमध्ये आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं स्पष्ट दिसतं. गोळ्या, नी कॅप, शेक, इंजेक्शन सगळं करून झालंय, त्यामुळे करायची की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. रुग्णालयाच्या पुस्तिकेत तिथले दिवस व्यवस्थित लिहिलेत, घरी आल्यानंतरचं मात्र दोन ओळींत आटोपलंय. रात्री कशा जातात, संडास-आंघोळीचं काय, पैसे कुठे जास्तीचे लागतात, घरातल्यांना काय करावं लागतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा. कुणाचं नीट झालं नसेल तर तेही लिहा, ते मला जास्त हवंय.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर (दोन्ही गुडघे, एकाच वेळी)

ताई, आधी भीती घालवते. भूल कमरेतून देतात. आपण जागे असतो, दुखत काही नाही, पण करवतीचा आणि हातोडीचा आवाज येतो. मला तो नको होता. तसं सांगितल्यावर त्यांनी झोपेचं औषध दिलं. आईला नक्की विचारून ठेवा. गुडघा बदलला असं म्हणतात खरं, पण आख्खा सांधा काढत नाहीत. हाडांची झिजलेली टोकं थोडी कापून त्यांवर धातूची टोपी आणि पत्रा बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, तेव्हा वाटलं की हे तर सोपं आहे. मांडीत दिलेल्या भुलीचा तो परिणाम होता. ती उतरल्यावर खरं दुखणं कळतं, आणि नेमकं तेव्हा आपण घरी असतो. दिवस निघून जातो. रात्री मात्र कुठल्याच कुशीवर बरं वाटत नाही. जोरदार वेदनाशामकांनी पोट साफ होत नाही, तोंडाची चव जाते. डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसापासून इसबगोल सुरू केलं असतं तर बरं झालं असतं असं माझ्या सुनेचं म्हणणं. तिसऱ्या आठवड्यात कारण नसताना रडू यायचं. हेही होतं, आणि जातं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर राहतो, गुडघा कित्येक महिने हाताला गरम लागतो, चालताना कधी टक् असा आवाज येतो. कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी प्रत्येक वेळी घाबरले.

आता बाजारात जाते, जिने चढते. मांडी घालत नाही. देवपूजा स्टुलावर बसून, भाजी ओट्यावर सुरीने. विळी माळ्यावर गेली.

मुलगा, ठाणे (वडिलांचा उजवा गुडघा)

पैशाचं मी लिहितो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (आत बसवायच्या कृत्रिम भागांच्या) किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या संचाला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरले. त्यामुळे आता बिलात इम्प्लांटपेक्षा बाकीच्याच गोष्टी फुगलेल्या दिसतात: खोलीचं भाडं, शल्यविशारदांची फी, हातमोजे-ड्रेसिंगसारख्या वस्तू. या शेवटच्या बऱ्याचदा मेडिक्लेममध्ये बसत नाहीत. आमच्याकडे रोबोटचा खर्च आधीच्या अंदाजात नव्हता, तो भरतीच्या दिवशी सांगितला. लेखी अंदाज घ्या आणि त्यात रोबोट धरलाय का हे विचारा. रोबोटने हाड मोजून अचूक कापायला मदत होते, शस्त्रक्रिया डॉक्टरच करतात. त्याने वीस वर्षांनी फरक पडेल असं आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं नाही. पॉलिसी नवी असेल तर सांधेबदलाचा प्रतीक्षाकाळ संपलाय का ते तपासा.

आणखी एक. इम्प्लांटच्या खोक्यावरचे कंपनी, माप, बॅच नंबर असलेले स्टिकर फाइलमध्ये चिकटवतात. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी आतलं काही बदलायची वेळ आली तर तेच पान लागतं.

फिजिओथेरपिस्ट, नाशिक

सगळे नातेवाईक मला एकच विचारतात, "किती वाकला?" मी म्हणते, आधी सरळ किती होतो ते बघा. वाकणं दोन आठवड्यांत नव्वद अंशांच्या आसपास आणि पुढच्या महिन्यांत एकशे दहा-वीसपर्यंत येतं, त्याला वेळ मिळतो. पाय पूर्ण सरळ करणं मात्र पहिल्या आठवड्यांतच साधावं लागतं. तेव्हा राहिलं तर माणूस गुडघ्यात वाकूनच चालतो, मांडीचा स्नायू थकतो आणि कंबर धरते.

आणि इथेच घरातली माया आड येते. दुखतंय म्हणून गुडघ्याखाली मऊ उशी सरकवतात. खूप बरं वाटतं, कारण किंचित वाकलेल्या स्थितीत सांधा सैल असतो. तसाच रात्रभर राहिला की तो तिथेच आखडतो. उशी काढा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहील, मग गुडघ्याची वाटी खाली गादीकडे दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. आईला सांगा, मांडीचा पुढचा स्नायू कडक झालेला हाताला लागला पाहिजे. व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी, नंतर बर्फ. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. दोन्ही पाय केलेले असतील तर जास्त मजबूत वाटेल तो चांगला धरा.

पत्नी, नागपूर

नीट झालं नाही असं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. ह्यांचा गुडघा वाकेना. व्यायाम सोडले नव्हते, तरीही. शेवटी भूल देऊन डॉक्टरांनी हाताने वाकवला, मग बराच सुधारला. पण जुनं दुखणं गेलं तरी गुडघा पट्ट्याने आवळल्यासारखा वाटणं राहिलं. साधारण पाचांतल्या एका रुग्णाला हवं तितकं समाधान मिळत नाही, हे आम्हाला नंतर एका दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी कळलं असतं तर अपेक्षा तशा ठेवल्या असत्या. तरीही ह्यांना विचारलं तर ते म्हणतात, करून घेतलं ते बरंच झालं.

सांगली, आईचा अनुभव

आमची आई शेतावरची. भांगलण करत, शेतातलं तण काढत जन्म गेला, म्हणजे दिवसभर उकिडवं. डॉक्टरांनी सांगितलं, चालशील कितीही, पण उकिडवं बसायचं नाही. तिला ते गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं. आता बांधावरून सगळी शेतं फिरून येते आणि भांगलण करणाऱ्या बायकांना उभ्यानेच सूचना देते. घरी संडास साधा होता. आम्ही ऑपरेशनच्या आधीच कमोड बसवून घेतला, बाजूला धरायला दांडी ठोकली. हे आधीच करा. मागून गवंडी मिळत नाही.

लेस्टर, ब्रिटन

सासूबाईंना दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. पोटात टोचायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं हातात दिली, ती त्या स्वतः घेत होत्या. उंच कमोड-सीट आणि वॉकर उसने मिळाले. नर्सने बजावून सांगितलेलं तुम्हालाही लागू आहे: पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली, जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप चढला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईची साखर आता आटोक्यात येतेय, दातांचं कामही डॉक्टरांनी आधीच करून घ्यायला सांगितलंय. सोलापूरच्या काकू, दोन्ही एकदम की एकेक?

सोलापूर

दोन्ही एकदम केले की आधाराला चांगला पाय राहत नाही, पहिले दिवस पलंगावरून उठायलाही माणूस लागतं. माझ्याकडे सून आणि लेक आळीपाळीने होत्या, म्हणून जमलं. खर्च आणि हाल एकदाच झाले. पण आईला साखर आहे, तेव्हा हृदय, फुप्फुसं तपासून भूलतज्ज्ञ काय म्हणतात ते आधी. ते हो म्हणाले, आणि महिनाभर रात्री उठणारं एक माणूस घरात नक्की असेल, तर दोन्ही करा. नाहीतर एक करा, तीन महिने जाऊ द्या, मग दुसरा.