फोकसला मराठीत काय म्हणायचं? लक्ष, रोख, ताबा की फोकसच?

आमच्या गायनक्लासच्या मुलांसाठी घरी रेकॉर्डिंग कसं करायचं ह्याची चार पानं मराठीत लिहितेय. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून तेच घेतलं. स्पेसबार दाबला की वाजतं, परत दाबला की थांबतं, आर दाबला की रेकॉर्डिंग, इथपर्यंत सोपं गेलं आणि मग फोकसपाशी अडले. तिथे वर-खाली बाणांनी ह्या ट्रॅकवरून त्या ट्रॅकवर जाता येतं पण नुसतं गेल्याने ट्रॅक सिलेक्ट होत नाही, त्याला एंटर दाबावा लागतो. सिलेक्शनला निवड म्हटलं, फोकसला लक्ष लिहिलं, तर एका मुलीने विचारलं, लक्ष कोणाचं, माझं की कॉम्प्युटरचं? बरोबर विचारलं तिने. अभ्यासावर फोकस कर म्हणतो तो फोकस माणसाचा, इथे मुद्दा आहे दाबलेली कळ जाणार कोणाकडे हा. काय लिहू?

—

केंद्र तरी लिहू नका ताई, केंद्र म्हटलं की मधोमध असं वाटतं. मूळ लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल, केप्लरने १६०४ मध्ये तो शब्द प्रकाशशास्त्रात आणला आणि आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत त्याची नाभी झाली. तुमच्या कामाची ह्यातली एकही नाही.

—

मी मिक्सिंग करतो, आमच्याकडे सगळे फोकसच म्हणतात. प्रो टूल्स ह्या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर तो डोळ्यांना दिसतो, एडिट विंडो, क्लिप लिस्ट आणि ग्रुप लिस्ट ह्या तिघांना ए-झेड लिहिलेलं छोटं बटण असतं आणि एका वेळी एकच चालू राहतं. एडिट विंडोचं चालू असेल तर नुसता बी दाबला की क्लिपचे दोन तुकडे, आर आणि टी ने झूम, कंट्रोल-बिंट्रोल काही धरायला नको. तेच ग्रुप लिस्टचं चालू केलं की अक्षरांनी ट्रॅकचे ग्रुप चालू-बंद होतात. कळ तीच, मालक बदलला. म्हणून मला ताबा हा शब्द जवळचा वाटतो, कीबोर्डचा ताबा कोणाकडे आहे.

—

मला दिसत नाही, मी तबला वाजवतो आणि रीपर ह्या सॉफ्टवेअरवर एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) आणि ओसारा (रीपर स्क्रीन रीडरने वापरता यावं म्हणून केलेली जोडणी) घेऊन रेकॉर्डिंग करतो. तुम्हाला फोकस म्हणजे ट्रॅकभोवतीची एक रेघ, मला तो म्हणजे मी आत्ता कुठे उभा आहे ते. दर थोड्या वेळाने एनव्हीडीएची कळ आणि टॅब एकत्र दाबून विचारून घेतो. एकदा एका सॉफ्टवेअरात फोकस नाव लिहायच्या चौकटीत राहिला होता आणि मी स्पेस दाबून वाट बघत बसलो, वाजलं काहीच नाही, नावात मात्र रिकाम्या जागा पडत गेल्या. ताबा शब्द मला पटत नाही, ताबा कोणीतरी घेतो असं वाटतं आणि इथे बहुतेक वेळा मीच टॅब दाबून तो हलवत असतो. रोख कसा वाटतो? बोलण्याचा रोख कोणाकडे आहे म्हणतो ना, तसा कळांचा रोख.

—

रोख छान आहे!! पैशाशी गोंधळ होणार नाही, वाक्यात कळतंच. पण क्रियापदं लावून बघा, रोख वळवला, रोख बदलला चालतं, रोख अडकला चालत नाही, तिथे ताबाच लागेल. रीपरमध्ये प्लगइनच्या, म्हणजे आत जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, खिडकीला सगळ्या कळा थेट प्लगइनकडे पाठवायची सोय आहे, ती चालू केल्यावर प्लगइनने कळांचा ताबा घेतला हेच नैसर्गिक वाटतं.

आणि ताई, की हा शब्द टाळाच. गाणाऱ्या मुलांना की म्हणजे पट्टी, काळी चार पांढरी पाच, आणि कीबोर्ड म्हणजे वाजवायचा. एबलटन लाइव्ह ह्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये एम दाबला की टायपिंगच्या ए एस डी एफ ह्या कळा सा रे ग म सारख्या वाजायला लागतात, तेव्हा कीबोर्डने कीबोर्ड वाजवा असं लिहिणार का? कळ आणि कळफलक लिहा.

—

सगळ्यांचे आभार, तबलावाल्या दादांचे जास्त. असं लिहिलंय: "पिवळी चौकट ज्या ट्रॅकभोवती आहे त्याच्याकडे कळांचा रोख आहे. रोख बाणांनी हलवा, निवड एंटरने करा." कंसात एकदाच फोकस लिहिते, पुढे मेनूत तोच दिसणार आहे त्यांना. शॉर्टकटला मात्र अजून शब्द नाही, जवळची कळ लिहिलं तर मुलं बोटाजवळची समजतात.