लिंकिन पार्कचा नवा संच लाइव्ह: पट्टी बदलली की गाणंच बदललं?

काळी_पाच:
ज्यांनी मधली वर्षं लक्ष दिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिंकिन पार्क या अमेरिकी रॉक बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ ला गेला. ५ सप्टेंबर २०२४ च्या थेट प्रक्षेपणात नवा संच समोर आला. गायला डेड सारा बँडची एमिली आर्मस्ट्राँग, ड्रमवर रॉब बोर्डनच्या जागी कॉलिन ब्रिटन. ब्रॅड डेल्सन बँडमध्ये आहे, पण दौऱ्यात त्याची गिटार अ‍ॅलेक्स फेडर वाजवतो. गाणी रचणारा आणि रॅप करणारा माइक शिनोडा, डीजे जो हान, बेसवरचा फिनिक्स जागच्या जागी.

माझ्या मते लाइव्हला हा संच दमदार आहे. 'बाई चेस्टरसारखी वाटत नाही' ही तक्रार निदान कोल्हापूरकरांनी तरी करू नये. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. त्यांची गायकी घरच्या मुलांइतकीच केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांनी पुढं नेली. पुरुषाची गायकी बाईच्या गळ्यात गेली, पट्टी चढली, घराणं मात्र तेच राहिलं. केसरबाई खाँसाहेबांसारख्या 'वाटतात' का, असं कुणी विचारतं का?

पेठेतला_रिफ:
भावा, दाखला झकास, पण तो तुझ्यावरच उलटतो. केसरबाईंनी खाँसाहेबांपुढं बसून वर्षानुवर्षं तालीम घेतली. इथं कसली तालीम?

दुसरं, खयालात गवई पट्टी सांगतो आणि बाकीचे त्याच्या मागं जातात. मिरजेत तंबोरासुद्धा बायकांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा बांधतात. भोपळा लहान, तारा बारीक, लागतो वरच्या पट्टीत. रॉकमध्ये गाणं गिटारच्या मोकळ्या तारेला खिळलेलं असतं. या बँडचे बरेच रिफ (गिटारचे परत परत येणारे तुकडे) ड्रॉप ट्यूनिंगचे आहेत. सगळ्यात जाड तार बाकीच्यांपेक्षा आणखी दोन अर्धस्वर उतरवायची, म्हणजे एकाच बोटानं तीन तारा दाबून पॉवर कॉर्ड (रॉकचा भरदार सूरमेळ) निघतो. आता गायिकेच्या पट्टीसाठी त्याच गिटारवर गाणं दोन अर्धस्वर वर न्या. तारेचा ताण साधारण २६ टक्क्यांनी वाढतो. जाड तारांचा संच असेल तर गिटारची मान पुढं ओढली जाते, तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून उचलल्या जातात. खाली आणा, तर ताण २१ टक्क्यांनी पडतो. पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून दाबलेला आवाज) 'धप्' वाजायच्या ऐवजी 'भद्द' वाजतं, आणि पिक जोरात लागलं की सूर आधी चढतो मग जागेवर येतो. हा बँड पाम म्यूटवरच उभा आहे.

कन्सोल_रात्रपाळी:
दोन्हीकडचा राग बाजूला ठेवून तांत्रिक बोलतो. गिटारची अडचण ही अडचणच नाही. मोठ्या दौऱ्यात प्रत्येक ट्यूनिंगची गिटार वेगळी असते, त्या मापाच्या तारा चढवून आणि ट्रस रॉड (मानेचा बाक सावरणारी सळई) जुळवूनच ती स्टेजमागं तयार असते. दोन गाण्यांच्या मधे बदलायला वीस सेकंद पुरतात.

खरा घोळ सॅम्पलचा, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या तुकड्यांचा. जो हानच्या बाजूनं येणारा अख्खा ट्रॅक उचलून वर सरकवला की ड्रमची थाप पातळ होते आणि कापलेले बोल चिमणीसारखे येतात. एक अर्धस्वर कुणाला कळत नाही, दोन खपतात, तीनला उघडं पडतं. म्हणून स्टेम (एकेका आवाजाचे वेगळे ट्रॅक) सुटे करतात. सुरातलेच स्टेम हलवायचे. थाप, स्क्रॅच, खरखर जागेवर. हे करायला स्टुडिओतलं मूळ सेशन लागतं, आणि ते या बँडकडंच असणार. कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवणाऱ्या मंडळींचं इथंच फसतं.

पेठेतला_रिफ:
मान्य. मग गळ्याचं बोला. पुरुष ४४० हर्ट्झचा सूर छातीच्या आवाजात लावतो तेव्हा त्याचं डोकं छताला टेकलेलं असतं. बाईच्या गळ्याला तोच सूर मधल्या मजल्यावर. सूर तोच, ताण गायब. चेस्टरच्या कोरसला अंगावर काटा यायचा तो या ताणामुळं.

काळी_पाच:
हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच ती तो ताण सुराच्या उंचीतून आणत नाही, आवाजातल्या खरखरीतून आणते. आवाज फाटतो कुठं ते ऐक. चेस्टर ओळीच्या टोकाला फाडायचा, ही शब्दाच्या सुरुवातीलाच खर घालते आणि शेपूट मोकळं सोडते. म्हणून 'द एम्प्टिनेस मशीन' हे नवं गाणं तिच्या मापाचं बसतं आणि जुनी गाणी थोडी उसनी वाटतात. 'गिव्हन अप'मधली चेस्टरची ती १७ सेकंदांची किंकाळी घड्याळ लावून मोजणाऱ्यांनी कुस्तीच्या फडात जावं.

रंकाळ्याचा_वारा:
मला गाण्याबद्दल काही म्हणायचं नाही, नावाबद्दल आहे. क्वीन बँडनं नव्या गायकासोबत 'क्वीन + अ‍ॅडम लॅम्बर्ट' असं अधिकचं चिन्ह घातलं. प्रामाणिकपणा त्याला म्हणतात.

काळी_पाच:
आणि एसी/डीसी बँड? त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला, जुलैत नवा गायक ब्रायन जॉन्सनसह 'बॅक इन ब्लॅक' अल्बम आला, अधिकचं चिन्ह नाही. गाणी रचणारे यंग बंधू तिथंच होते. इथं शिनोडा आहे.

रंकाळ्याचा_वारा:
पाच महिने आणि सात वर्षं यांत फरक आहे. या सात वर्षांत लोकांनी शोक करून घेतला होता. चेस्टरच्या आठवणीत झालेल्या २०१७ च्या हॉलिवूड बोलच्या कार्यक्रमात 'नम्ब'ला रिकाम्या माइकवर झोत होता आणि गाणं प्रेक्षक गायले. त्या माइकपुढं आता कुणी उभं राहणं पटायला वेळ लागणारच. बाईच नव्हे, कुणीही.

कन्सोल_रात्रपाळी:
भांडा, पण निदान सारखी रेकॉर्डिंग लावून भांडा. इथं निम्मे लोक २००३ चं 'लाइव्ह इन टेक्सस' एका बाजूला आणि गर्दीतली मोबाइल क्लिप दुसऱ्या बाजूला ठेवून निकाल देतायत. पहिलं निवांत मिक्स केलेलं. दुसऱ्यात फोन स्वतःच आवाज दाबतो-उचलतो, म्हणजे किक ड्रम पडला की गळा खाली जातो. विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढं उभं राहून तबलजीची पारख करण्यातला प्रकार. प्रक्षेपणाचा आवाज घ्या, दोन्हींची पातळी सारखी करा (एक-दोन डेसिबलनं मोठं असलेलं कानाला उगाच चांगलं वाटतं) आणि हेडफोनवर ऐका. अल्बमशी तर तुलना करूच नका, तिथं कोरसला एकाच गळ्याचे थरावर थर आहेत. चेस्टरही स्टेजवर एकटाच होता.

आणि ड्रमवर अजून कुणी बोललेलं नाही. कानात क्लिक (ठेका धरणारी टिकटिक) असल्यावर लय हलत नाही, फरक हाताच्या वजनात असतो. बोर्डन हाय-हॅट (पायानं मिटणारी जोडझांज) बंद ठेवून जागा सोडायचा. ब्रिटन झांज मोकळी ठेवतो. गायिका हातात माइक घेऊन ड्रमपुढं फिरते, ती झांज माइकमध्ये शिरते. गळ्यावर कंप्रेसर (मोठा आवाज दाबून बारीक वर आणणारं यंत्र) असतो, त्यामुळं ती ओळ संपवून थांबली की झांज भसकन वर येते. तिचा 'आवाज दबलाय' अशी तक्रार करता ना, तो बऱ्याचदा हा.

पेठेतला_रिफ:
म्हणजे दोष बाईचा नाही, झांजेचा?

कन्सोल_रात्रपाळी:
अर्धा. उरलेला अर्धा माइकची जाळी मुठीत धरण्याचा. तसं धरलं की माइकची दिशाच मरते, चारी बाजूंचं शिरतं आणि शिट्टीही लवकर लागते. बोटं दांड्यावर, जाळीखाली. हे गणपतीत निवेदन करणाऱ्यांनाही सांगून थकलो.